मोझॅकची लादी आणि लॅमिनेट: दाराखालच्या दहा मिलिमीटरचे काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील १९९०च्या दशकातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सदनिका आहे. हॉलमध्ये मूळची मोझॅकची लादी पॉलिश करून तशीच ठेवली आहे, आणि निजायच्या खोलीत त्याच लादीवर २ मिमी फोम अंथरून ८ मिमी जाडीचे लॅमिनेट टाकले आहे. दारात ही दोन्ही जमिनी जिथे मिळतात तिथे काम करणाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमची एक चपटी पट्टी वरून स्क्रू मारून बसवली. ती आता एका टोकाला उचलली आहे, पाय पडला की टकटक वाजते, आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या ७६ वर्षांच्या आईंची चप्पल तिला दोनदा अडकली आहे. पट्टी बदलून भागेल का, की दारातील लादी फोडावी लागेल, असे तुम्ही विचारले आहे.

नुसती पट्टी बदलून भागणार नाही, आणि लादी फोडण्याची तर अजिबात गरज नाही. पट्टीचे काम दोन जमिनींमधली फट झाकण्याचे असते. उंचीतला फरक मिटवण्याचे नसते. हा फरक पट्टी येण्याआधी, तिच्या खाली किंवा तिच्या शेजारी मिटवून घ्यावा लागतो, आणि तो मिटवला की पुष्कळदा पट्टीची गरजच उरत नाही. तुमच्या दारात घडले ते एवढेच, की १० मिमीची पायरी तशीच राहिली आणि तिच्यावर एक मिलिमीटर जाडीचा पत्रा वाकवून ठोकला गेला. पत्र्याखाली पोकळी राहिली, पोकळीवर पाय पडत राहिले, आणि स्क्रू ढिले झाले. पट्टी कितीही महागडी आणली असती तरी याहून वेगळे झाले नसते.

दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढीही उंची नाही, तिने कोणी कसे पडेल, असे घरातील तरुण मंडळींना वाटते. प्रत्यक्षात मोठ्या पायरीपेक्षा ही उंची अधिक फसवी असते. सपाट जमिनीवर चालताना पुढे जाणारे पाऊल जमिनीपासून फार वर उचलले जात नाही. पावलाच्या झोक्यातील सर्वांत खालच्या क्षणी चवडा आणि जमीन यांच्यामध्ये साधारण एक ते दोन सेंटिमीटरच अंतर असते, आणि वय झालेल्या, पाय घासत चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते कधी कधी त्याहूनही कमी भरते. म्हणजे आपल्या दारातील कड बरोबर त्या अंतरात येऊन बसते. जुन्या वाड्यातला चार-सहा बोटे उंच उंबरा ओलांडताना सहसा कोणी पडत नसे, कारण तो डोळ्यांना दिसतो, आणि पाय आपोआप उचलला जातो. न दिसणारी कड पायाला काहीच सांगत नाही. वॉकरचे तर आणखी वेगळे: त्याची पुढची छोटी चाके अशा कडेवर चढत नाहीत, थांबतात, आणि माणसाचे वजन मात्र पुढे गेलेले असते.

किती फरक चालतो, याला एक उपयोगी मोजमाप आहे. अमेरिकेतील अपंगांसाठीच्या एडीए मानकानुसार पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिमीपर्यंतची उभी कड चालते; पाव ते अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिमीपर्यंतच्या फरकाला कड तासून उतार द्यावा लागतो आणि तो उतार एकास दोनपेक्षा (म्हणजे एक मिमी उंचीला दोन मिमी लांबी) तीव्र असून चालत नाही; त्याहून मोठा फरक असेल तर रीतसर रॅम्प लागतो, ज्याचा उतार एकास बारा. हे सार्वजनिक जागांचे मानक आहे, घराला ते लागू नाही. पण हाताशी धरायला चांगले आहे. माझी स्वतःची पद्धत त्याहून थोडी कडक आहे: घरात म्हातारे माणूस किंवा रांगते मूल असेल तर उभी कड ३ मिमीच्या वर ठेवायची नाही, आणि वॉकर किंवा चाकाची खुर्ची असेल तर उतार शक्यतो एकास दहाच्या आसपास किंवा त्याहून सौम्य करायचा. तुमच्या दारात हे साधते. ते कसे, ते पुढे सांगतो.

आधी माप. आठ आणि दोन मिळून दहा, हे कागदावरचे गणित झाले. तीस वर्षांपूर्वी गवंड्याने हाताने बसवलेली आणि नंतर मशीनने घासलेली मोझॅकची लादी दाराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत एकाच पातळीत असेल असे मी धरून चालत नाही. उचललेली पट्टी काढून टाका, खालची माती-चुरा साफ करा, आणि लॅमिनेटच्या कडेवर एक सरळ अ‍ॅल्युमिनियमचा पाटा असा ठेवा की त्याचे टोक हॉलच्या बाजूला अधांतरी पुढे येईल. आता पाटा आणि लादी यांच्या मधल्या फटीत १ मिमी सनमायकाचे तुकडे एकावर एक सरकवत जा. जितके तुकडे घट्ट बसतील तितके मिलिमीटर. सुताराकडे असे तुकडे पोत्याने पडलेले असतात. हे माप चौकटीच्या डावीकडे, मधोमध आणि उजवीकडे, अशा तीन ठिकाणी घ्या आणि भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. डावीकडे १०, मधे ११, उजवीकडे १२ असे काही आले तर दचकू नका, तसेच येते. मात्र हे तीन आकडे हातात नसताना बाजारात जाऊन पट्टी आणणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल आणण्यासारखे आहे.

मापानंतर दुसरी गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि निम्मी कामे तिथेच बिघडतात. तुमच्या दारात जमिनीचे दोन स्वभाव एकत्र येतात. मोझॅकची लादी सिमेंटच्या थरात रुतलेली आहे. ती हलत नाही. लॅमिनेट मात्र कशालाच चिकटवलेले नसते. त्याच्या फळ्या एकमेकींत अडकवून फोमवर नुसत्या पसरलेल्या असतात, आणि फळीचा गाभा लाकडाच्या दाबलेल्या भुश्याचा असल्यामुळे पावसाळ्यातल्या दमट हवेत ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणूनच चारी भिंतींजवळ ८ ते १० मिमी फट सोडून ती स्कर्टिंगखाली लपवली जाते. दारात भिंत नसते, पण फटीची गरज तिथेही तेवढीच असते. ज्या कोणत्या वस्तूने तुम्ही सांधा झाकाल ती एकाच जमिनीला घट्ट धरलेली असली पाहिजे, आणि ती जमीन म्हणजे लादी. लॅमिनेटमधून स्क्रू आरपार मारला, किंवा फटीत व्हाइट सिमेंट, एम-सील असे काही कडक भरले, तर आपण एका हालत्या वस्तूला खुंटीला बांधले असे समजावे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बारा-पंधरा वर्षांपूर्वी ठाण्यातील एका घरात आमच्याच माणसांनी खोलीच्या दोन्ही टोकांना, दारात आणि गॅलरीच्या सरकत्या खिडकीपाशी, पट्ट्या लॅमिनेटमधून आरपार स्क्रू मारून बसवल्या होत्या. काम मार्चमध्ये झाले, सुरेख दिसत होते, मालक खूश होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला की पलंगासमोर जमीन तंबूसारखी उचलली आहे. जाऊन पाहिले तर खोलीच्या मधोमध दोन फळ्यांचा सांधा वर आला होता आणि त्यावर पाय दिला की तो खाली जाऊन फटकन पुन्हा वर येत होता. दारातले चार स्क्रू काढले, कडेची एक चिरफळी कापून फट मोकळी केली, आणि दोन दिवसांत जमीन आपोआप खाली बसली. खर्च काही झाला नाही. लाज तेवढी वाटली.

आता सांधा कुठे यायला हवा ते पाहू. दार लावलेले असताना त्याचे पान जिथे उभे असते, बरोबर त्याच्या खाली. हा साधा नियम पाळला की दार बंद असताना हॉलमधून फक्त लादी दिसते आणि खोलीतून फक्त लॅमिनेट. दुसऱ्या जमिनीची एक बोटभर पट्टी दाराखालून डोकावत नाही. आपल्याकडे निजायच्या खोलीचे दार बहुधा खोलीच्या आत उघडते, म्हणजे पान चौकटीच्या खोलीकडच्या खाचेत बसते. पान साधारण ३० ते ३५ मिमी जाडीचे धरले तर सांधा चौकटीच्या खोलीकडच्या कडेपासून सुमारे १५ मिमी आत येतो, आणि चौकटीची उरलेली सगळी रुंदी हॉलच्या बाजूला मोकळी मिळते. ही मोकळी रुंदी हेच आपले भांडवल आहे. पाच इंची चौकटीत ती, मधली फट वजा करून, साधारण १०० मिमी भरते. चार इंचीत ७५.

या रुंदीत सागवानाची एक पाचर बसवावी, हे माझे तुम्हाला उत्तर आहे. खोलीकडच्या बाजूला तिची उंची लॅमिनेटइतकीच, म्हणजे १० किंवा जे माप आले असेल ते. हॉलकडच्या बाजूला ३ मिमी, आणि ती कड घासून गोल केलेली. शंभर मिलिमीटर रुंदीत सात मिलिमीटरचा उतार म्हणजे साधारण एकास चौदा. चार इंची चौकटीत तो एकास अकराच्या जवळ जातो. वॉकरची चाके यावरून सहज जातात, आणि चप्पल अडकायला काही उरत नाही. हॉलकडची कड शून्यापर्यंत न्यावी असा मोह सुताराला होईल. ते करू देऊ नका. शून्याला नेलेले लाकूड चार महिन्यांत चिरते आणि त्याची कुसळे पायात जातात. तीन मिलिमीटरची गोल कड टिकते आणि पायाला जाणवत नाही.

लाकूड जुने, मुरलेले घ्यावे. पुण्यामुंबईत मोडलेल्या घरांच्या चौकटी आणि वासे विकणारी दुकाने आहेत, तिथला सागवानाचा तुकडा नव्या ओल्या लाकडापेक्षा कितीतरी चांगला, कारण त्याला जे वाकायचे-पिळायचे होते ते वाकून झालेले असते. पंचवीस मिलिमीटर जाडीची फळी मशीनवर तिरकी चिरून घेतली की पाचर निघते, मग हातरंधा. रेषा दाराच्या आडव्या दिशेला, म्हणजे पाचरीच्या लांबीला समांतर येतील असे पाहावे. लांबी चौकटीच्या दोन्ही पायांमध्ये घट्ट बसण्यापेक्षा एखादा मिलिमीटर कमी ठेवावी. चौकटीची जुनी खाच आणि कोपरे असतात त्यांचा आकार पुठ्ठ्यावर कापून आधी साचा करून घेणे हे सर्वांत सोपे. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो, सागवानाचे तसे नाही.

पाचर डुगडुगता कामा नये, आणि लादी सपाट नसल्यामुळे ती पहिल्यांदा डुगडुगणारच. यासाठी एक जुनी युक्ती आहे. जिथे पाचर बसणार त्या लादीवर निळा खडू भरपूर घासा, पाचर वर ठेवून दाबा आणि एखादा सेंटिमीटर पुढे-मागे सरकवा. उलटून पाहिले की पाचरीच्या तळाला जिथे जिथे निळे लागले आहे ते लादीचे उंचवटे. तेवढ्याच जागी रंध्याचा किंवा जाड पॉलिश पेपरचा हात फिरवा, तळ पुसा, पुन्हा खडू. चार-पाच फेऱ्यांनंतर निळा रंग सगळीकडे सारखा पसरलेला दिसू लागतो. त्यानंतर पाचरीच्या दोन्ही टोकांवर आलटून पालटून पाय द्या, आवाज येणार नाही. या कामाला तासभर लागतो आणि सुतार कंटाळतो, पण तुमच्या पट्टीची टकटक नेमकी हा तास वाचवल्यामुळे होत होती.

चिकटवण्याआधी लादीवरचे पॉलिश आणि मेण काढले पाहिजे. साठ नंबरच्या पेपरने चमक जाईपर्यंत घासून, थिनरच्या फडक्याने पुसून, कोरडी होऊ द्या. सुताराचा नेहमीचा पांढरा गोंद इथे चालत नाही. त्याला सुकण्यासाठी पाणी शोषणारा पृष्ठभाग लागतो, आणि पॉलिश केलेली लादी पाणी शोषत नाही. पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड पॉलिमर जातीचा बांधकामाचा अ‍ॅधेसिव्ह घ्यावा, पाचरीच्या तळाला नागमोडी रेषेत लावावा, दाबून बसवावी आणि वर धान्याचे डबे किंवा टाइल्सचे खोके चोवीस तास ठेवून द्यावेत. बाहेर आलेला अ‍ॅधेसिव्ह ओला असतानाच पुसा. सुकल्यावर तो मोझॅकच्या बारीक छिद्रांतून निघत नाही. स्क्रूची गरज पडत नाही. तरीही कोणी आग्रहाने मारणारच असेल तर आधी तिथून पाण्याची किंवा विजेची नळी जात नाही ना, हे पाहा. बाथरूमला लागून असलेल्या दारांत लादीखालून पाइप गेलेला असणे आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही, आणि ड्रिल चुकले की खालच्या मजल्याचे छतही आपल्या हिशेबात येते.

पाचर बसवण्याआधी लॅमिनेटची कड सरळ करून घ्यायला विसरू नका. पट्टीखाली जायचे म्हणून ती बहुधा वेडीवाकडी कापलेली असते. लाकडाची एक सरळ पट्टी शिकंज्याने धरून तिच्या आधाराने मल्टीटूलने (थरथरत्या पात्याच्या हातयंत्राने) कापली तर ओरखडा न येता स्वच्छ कड मिळते. कापलेल्या कडेचा तपकिरी गाभा उघडा राहतो आणि आपल्या घरांत रोज ओल्या फडक्याने पुसण्याची रीत असल्यामुळे तिथूनच पाणी आत जाऊन कड फुगते. म्हणून त्या कडेवर पॉलियुरेथेन वार्निशचे दोन पातळ हात द्या. लॅमिनेट पानाच्या मध्यापर्यंत पोहोचलेच नसेल, आधीच संपले असेल, तर पाचर तेवढी रुंद करा. सांधा दाराच्या आत थोडा दिसेल, इतकेच. चौकट लाकडाची असेल तर तिच्या पायाशी लॅमिनेट गोल कापून सिलिकॉन भरण्यापेक्षा चौकटीचाच तळ लॅमिनेटच्या जाडीइतका कापून फळी आत सरकवणे कितीतरी नीटस दिसते. ग्रॅनाइटच्या चौकटीला हे करता येत नाही. तिथे फट सोडून लवचिक सीलंट भरावा.

आता पाचर आणि लॅमिनेट यांच्यामध्ये ८ ते १० मिमीची फट उरली. तिच्यात कॉर्कची पट्टी बसवा. कॉर्क दाबला की दबतो आणि सोडला की फुगतो, त्यामुळे लॅमिनेटला श्वास घ्यायला जागा राहते आणि वरून जमीन सलग दिसते. पट्टी फटीपेक्षा किंचित रुंद घ्यावी, म्हणजे दाबून बसते. गोंद लावायचा तर फक्त सागवानाच्या बाजूला. लॅमिनेटच्या बाजूला थेंबही नको. कॉर्क वर आला असेल तेवढा धारदार पात्याने जमिनीलगत कापा. मग सागवानाला पाणी सोसणारे, चकाकी नसलेले पॉलिश द्या. चकचकीत पॉलिश पायमोज्यांवर घसरते, आणि दिवा पडला की म्हाताऱ्या डोळ्यांना तिथे पाणी सांडले आहे असे वाटते. रंग मात्र दोन्ही जमिनींपेक्षा थोडा गडद राहू द्या. उतार कितीही सौम्य असला तरी इथे काही बदलते आहे हे दिसलेले बरे.

तयार रिड्यूसर का नाही, असा प्रश्न मनात येईल. रिड्यूसर म्हणजे एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला उतरती पट्टी. दोन्ही जमिनी समान उंचीच्या असतील तर लागते ती टी-प्रोफाइल, म्हणजे इंग्रजी टी आकाराची पट्टी, वेगळी. चांगल्या रिड्यूसरमध्ये खाली एक पन्हाळीसारखा रूळ येतो, तो फटीत, लादीवर, स्क्रूने किंवा अ‍ॅधेसिव्हने बसतो, आणि वरची पट्टी त्यात दाबून अडकते, त्यामुळे लॅमिनेट खालून मोकळे राहते. घरात फक्त धडधाकट माणसे असती तर मी तुम्हाला तेच सुचवले असते. अर्ध्या तासाचे काम आहे. पण त्याचा ओठ लॅमिनेटच्या वर ३ ते ४ मिमी चढतो, म्हणजे फरक १० चा १३-१४ होतो, आणि तो सगळा ३५-४० मिमी रुंदीत उतरवायचा असतो: एकास तीन. पायाला चालेल, वॉकरला नाही. शिवाय दाराचे पान त्या ओठाला घासते आणि मग पानाचा तळ रंध्याने उतरवावा लागतो. पाचर लॅमिनेटच्या वर येतच नसल्यामुळे लॅमिनेटवरून फिरणारे दार तिच्यावरूनही फिरते. रिड्यूसरच घ्यायचा ठरले तर वळवलेल्या पातळ पत्र्याचा घेऊ नका; भरीव अ‍ॅल्युमिनियमचा घ्या आणि स्क्रू एकमेकांपासून एक फुटापेक्षा लांब असू नयेत.

या प्रश्नाची भावंडे पुष्कळ घरांत असतात, म्हणून तीन प्रसंगांविषयी लिहितो. जुन्या लादीवरच नवी व्हिट्रिफाइड टाइल चिकटवण्याची पद्धत आता फार वाढली आहे. टाइल ९ मिमी आणि अ‍ॅधेसिव्ह ४ मिमी धरला तर १३ मिमीची पायरी तयार होते, आणि ती बहुधा स्वयंपाकघराच्या किंवा पॅसेजच्या तोंडाशी येते. इथे उतरती अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टीलची प्रोफाइल मिळते, पण तिचा छिद्रांचा पाय टाइलखालच्या अ‍ॅधेसिव्हमध्ये रुतवायचा असतो. म्हणजे तिचा निर्णय शेवटची टाइल बसण्याआधी व्हायला हवा. नंतर आठवले तर वरून चिकटवलेली, कधीतरी निघणारी पट्टी नशिबी येते. प्रोफाइलपेक्षा मला ग्रॅनाइटचा उतरता पट्टा आवडतो. ग्रॅनाइट कापणाऱ्याकडे चौकटीच्या मापाचा तुकडा नेऊन वरची बाजू तिरकी घासून घेता येते. मात्र पातळ कडेला ५ मिमीपेक्षा कमी जाडी ठेवू नये, आणि वरचा पृष्ठभाग आरशासारखा पॉलिश करू नये. ती पाच मिमीची कडही लादीत थोडी खाच मारून बसवली तर उत्तम.

दुसरा प्रसंग उलटा आहे: खोलीत दोन मिलिमीटरचा व्हायनिल शीट आणि बाहेर नऊ मिलिमीटरची टाइल, म्हणजे खोलीच खाली. इथे टाइलला उतार देण्यापेक्षा व्हायनिलखालची जमीन उचलावी. सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड साधारणपणे दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला १.६ ते १.७ किलो लागते. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. ७ मिमी उचलायची तर १२५ ते १३० किलो, म्हणजे २५ किलोच्या पाच-सहा गोण्या. खर्च जास्त वाटला तर फक्त दाराजवळच्या शेवटच्या दोन-अडीच फुटांत पातळी हळूहळू चढवत न्यावी; सातशे मिलिमीटरमध्ये सात मिलिमीटर चढ डोळ्यालाही दिसत नाही, आणि मऊ शीट त्यावर निमूट बसतो. हीच युक्ती लॅमिनेटखाली किंवा क्लिकच्या एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक यांच्या, एकमेकींत अडकणाऱ्या) फळ्यांखाली करू नका. त्यांना साधारण दोन मीटरमध्ये ३ मिमीपेक्षा जास्त चढउतार सोसत नाही. फळी अधांतरी राहते आणि तिची जीभ मोडते.

तिसरा प्रसंग नव्याने फरशी करणाऱ्यांचा, आणि त्यांना खरे तर सांधा झाकण्याचा विचारच करावा लागू नये. कोटा २२ मिमी, मार्बल १८, टाइल ९, लाकूड १०, अशा वेगवेगळ्या जाड्या घरात येणार असतील तर गवंडी माल पसरण्याआधी सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर पाण्याच्या नळीने किंवा लेझरने एकच खूण मारून घ्यावी, तयार जमिनीपासून बरोबर एक मीटर वर. मग प्रत्येक खोलीत त्या खुणेवरून खाली एक मीटर मोजायचा आणि त्यातून त्या त्या फरशीची, तिच्या अ‍ॅधेसिव्हची किंवा फोमची जाडी वजा करून कोबा कुठे थांबवायचा ते ठरवायचे. पातळ फरशीखाली जाड कोबा, जाड फरशीखाली पातळ. ही खूण न मारता काम सुरू करणारा ठेकेदार दिसला की मी समजतो, दारोदार पट्ट्या लागणार. समपातळीत आलेल्या दोन वेगळ्या फरश्यांमध्येही मात्र कडक ग्राउट भरू नये. दोहोंचे थर वेगळे असल्यामुळे तडा तिथेच जातो. जुने मोझॅक घालणारे कारागीर चौकोनांमध्ये काचेच्या आणि पितळी पट्ट्या उभ्या घालत, तशी एक पितळी पट्टी उभी घातली तर तडा त्या रेषेतच दबून राहतो आणि दिसतेही देखणी.

बाथरूम आणि उघडी गॅलरी यांना यातले काहीही लागू करू नका. तिथला फरक पाणी अडवण्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो, आणि तो मिटवला तर पहिल्याच आंघोळीचे पाणी तुमच्या लॅमिनेटखाली जाईल. आईंना तिथेही वॉकर न्यावा लागत असेल तर आत उतार आणि दाराशी आडवी जाळीची मोरी, असे वेगळे काम करावे लागते.

तोपर्यंत, म्हणजे सुतार मिळून पाचर तयार होईपर्यंत, ती उचललेली पट्टी आजच काढून टाका, आणि तिच्या जागी पायपुसणे मात्र टाकू नका. कड त्याखाली लपते, ते स्वतः सरकते, आणि वॉकरचा पाय त्यात गुंततो. लॅमिनेटच्या उघड्या कडेवर उठून दिसणाऱ्या पिवळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, रात्री पॅसेजमधला एक छोटा दिवा चालू ठेवा. पाचर बसल्यानंतर पहिल्या पावसाळ्यात, साधारण ऑगस्टमध्ये, एकदा कॉर्ककडे पाहा. तो किंचित वर फुगून आला असेल तर लॅमिनेट सरकते आहे आणि फट आपले काम करते आहे. वर आलेला भाग पात्याने कापून टाका आणि पुन्हा त्याकडे पाहू नका.